दिवसाला एकच नाव

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर मी सोजरमावशीचं नाव घेईन. आईवडिलांचे उपकार असतातच, शिक्षकांचेही आहेत. पण माझ्या घराण्यात पहिली पदवी आली, कामगारांच्या कचेरीत टेबलाशी बसून मी आयुष्यभर अब्रूनं पोट भरलं, ते मानवतच्या एका जिनिंग कारखान्यात मजुरी करणाऱ्या, सहीसुद्धा न येणाऱ्या या बाईमुळे. गेल्या महिन्यात तिच्या नातीचा फोन आला. "मामा, आजी गेली. सकाळी चहा घेऊन गेले तर..." काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "दार उघडं होतं का गं?" ती म्हणाली, "उघडंच की. तिचं दार कव्हा लावलेलं असतंय?"

मावशीच्या दाराला कडी नव्हती. कोयंडाही नव्हता. दोन्ही तिनं स्वतः उपटून काढले होते. थंडीवाऱ्यात, दंग्याधोप्यात, घरात एकटी असताना ती दार सताड उघडं टाकून झोपायची. गल्लीत नव्यानं आलेल्या लोकांना वाटे, म्हातारी भलती धीट आहे. मी मातीला गेलो तेव्हाही एकजण हेच म्हणाला, "लय डेरिंगबाज बाई व्हती." पण खरी गोष्ट उलटी आहे. मावशीइतकं भिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि ते कुठंतरी लिहून ठेवावं म्हणून हा कागद पुढं ओढला आहे.

आम्ही मूळचे वालूरचे. वडील तेलमिठाचं दुकान चालवत. ते अकाली गेले आणि आई मला घेऊन मानवतला आली, मावशीच्या शेजारी खोली घेऊन राहिली. मावशी आमच्या नात्याची नाही, जातीचीही नाही. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग असल्याशिवाय पाण्याला न शिवणारे, ती मराठ्याची. पण दोन घरांमध्ये एकच भिंत, तिलाही एक कोनाडा आरपार, त्यातून भाजीची वाटी इकडून तिकडे जायची. मी तिला अगंतुगं करी, ती मला नावानं हाक मारी. राज्य निजामाचं, शाळा उर्दू. मी परभणीला जाऊन मॅट्रिक झालो आणि हैदराबादला कॉलेजात जायचं मनात धरून एकदोन हंगाम जिनिंगच्या काट्यावर कारकून म्हणून चिकटलो. कापूस तोलायचा, उर्दूत चिठ्ठी फाडायची, एवढंच काम. आत रेच्यांवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांवर, मावशी आणि तिच्यासारख्या पुष्कळ बायका बसत. केरबामामा, मावशीचा नवरा, बाहेर रुईच्या गठाणी, म्हणजे दाबून बांधलेले गठ्ठे, उचलणारा हमाल.

गावाचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा, आणि भोंग्याची दोरी मॅनेजरच्या हाती. तो सकाळी अंधारात वाजे आणि संध्याकाळी त्याला वाजायची आठवण राहत नसे. बायका ओळीनं ओट्यावर बसून रेच्यात कापूस सारीत. रुई उडून डोक्यावर, पापण्यांवर, नाकात बसे. बाहेर आल्या की सगळ्या एका दिवसात म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत. पण त्यांची तक्रार रुईची नव्हती, खोकल्याचीही नव्हती. तक्रार दाराची होती. बायका लुगड्यात कापूस लपवून नेतात असा मालकाचा संशय. म्हणून त्या आत बसल्या की मुकादम बाहेरून कडी घाली, कुलूप लावी आणि किल्ली जानव्याला बांधून समोरच्या हॉटेलात जाऊन बसे.

एके दिवशी दुपारी आतून आवाज आला. आधी मला वाटलं, बायका भांडायल्यात. मग दार धडधडायला लागलं आणि फटीतून धूर दिसला. रेच्याच्या ठिणगीनं रुईची रास धुमसत होती. आगीपेक्षा धूर वाईट. आत बायका एकमेकींवर चढून दार बडवताहेत, आणि बाहेर आम्ही "किल्ली, किल्ली" करून ओरडतोय... केरबामामा कुणाला न विचारता धावत आला आणि गठाणी ओढायचा लोखंडी आकडा कुलपात घालून त्यानं ते कोयंड्यासकट उपटलं. बायका धुराबरोबर बाहेर पडल्या. कुणी मेलं नाही. मावशीची वेणी अर्धी जळाली होती. ती मातीत बसली आणि "दार, दार" एवढंच बोलत राहिली. घरी आली ती पहिल्यांदा दाराजवळ गेली, नवऱ्याच्या हातातला तोच आकडा मागून घेतला आणि स्वतःच्या दाराची कडी काढून उकिरड्यावर टाकली. कारखान्याच्या दाराला मात्र दुसऱ्या दिवशी नवं कुलूप आलं, आधीच्यापेक्षा मोठं.

आता हमीदभाईंबद्दल सांगायला हवं. हे मानवत रोड स्टेशनवर तारबाबू होते आणि रेल्वे कामगारांच्या संघाचं काम गुपचूप करीत. त्यांची मुंबईच्या मोठ्या कामगार संघाशी ओळख. आगीची बातमी ऐकून बाजाराच्या दिवशी, कारखाना दुपारनंतर बंद असतो तेव्हा, ते मावशीच्या ओसरीवर आले. त्यांनी सांगितलेलं मला त्या वेळी निम्मंच कळलं. पुढं तेच माझं आयुष्याचं काम झालं. ते म्हणाले, इंग्रजी मुलखात कारखान्याचे कायदे आहेत, इन्स्पेक्टर आहेत. इथं कायदा कागदावर. आता दूर जिनिव्हा म्हणून गाव आहे, तिथं दरसाल जगातली सरकारं, मालक आणि कामगार एका सभेत बसतात. देशोदेशीच्या कामगार संघांची मिळून एक मोठी संघटना आहे, तिची माणसं तिथं सरकारांना धरून विचारतात, संस्थानातल्या मजुरांचं काय? सरकारचा माणूस उठून म्हणतो, तिथून आमच्याकडे एकही तक्रार नाही. तक्रारच नाही म्हटल्यावर विषय संपला. म्हणून तक्रार पाहिजे, नावानिशी पाहिजे. ती मुंबईला जाईल. मुंबईवाले त्या संघटनेला देतील. संघटनेची माणसं लंडनच्या पार्लमेंटातल्या एका मेंबराच्या मागं लागतील. मेंबर मंत्र्याला सवाल करील, मंत्री दिल्लीला विचारील, दिल्ली हैदराबादेत बसलेल्या इंग्रजांच्या रेसिडेंटला, रेसिडेंट निजामाच्या दिवाणाला, आणि दिवाणाचा माणूस चौकशीला इथं येईल.

मावशी तोंडाला पदर लावून ऐकत होती. ती म्हणाली, "मंजी आमच्या मुकादमाला कुलूप काड म्हणायला लंडनला जावं लागतंय व्हय?"

"हौ, खाला," हमीदभाई म्हणाले. खाला म्हणजे मावशीच.

"अन् जवळचा रस्ता न्हाई का? मुकादम तर ह्या बोळात ऱ्हातोय."

सगळ्या हसल्या. हमीदभाईही हसले. "जवळच्या रस्त्यावर अमीन बसला है, खाला," ते म्हणाले. अमीन म्हणजे आमच्याकडचा पोलीस अधिकारी. त्याचं नाव निघालं आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

तक्रारी लिहायच्या कुणी? बायकांना लिहिता येत नव्हतं. हमीदभाईंचं मराठी कच्चं, आणि त्यांच्यावर पाळत होती. मी लिहितो म्हणालो. मोठं धैर्य होतं असं नाही. विशीतला मुलगा, आग डोळ्यांनी पाहिलेली, नाही म्हणायला तोंड होईना. मॅनेजरला मराठी लिपी येत नव्हती आणि माझ्या चिठ्ठ्या उर्दूत, तेव्हा अक्षर ओळखू येणार नाही, हाच काय तो धीर. पण नाव फुटलं तर नोकरी जाईल, तुरुंग होईल, हैदराबादचं कॉलेज कायमचं संपेल, हे मला ठाऊक होतं. माझ्या आईलाही. तिनं मला नको म्हटलं नाही, पण लिहायला निघालो की ती माझ्या गळ्यातलं लिंग आधी हातात धरून डोळ्यांना लावी.

बाजाराच्या दुपारी मावशीच्या घरी आम्ही लिहायला बसायचो, आणि तिथं दार लावायची सोय नाही! इतकं जिवावरचं काम, आणि दार सताड उघडं. मी विनवायचो, "मावशी, नुसतं ओढून तरी घे." ती दाराला हात लावी, अर्धं ओढी, तिच्या कपाळावर घाम येई आणि ती पुन्हा ढकलून देई. "न्हाई रे लेकरा. तू बाहीर जाऊन लिव्ह पायजे तर. मी आत मरन." शेवटी तोडगा बायकांनीच काढला. पुढं सूप घेऊन तूर निवडायला बसायचं, कागद सुपाखाली. बोळातून कुणी आलं की उखाणे म्हणायचे, लग्नघरची तालीम चालू आहे असं दाखवायचं. एकदा खुद्द मुकादम दारात येऊन उभा राहिला. माझ्या मांडीखाली दौत कलंडली आणि शाई धोतरात भिनायला लागली, तरी मी हललो नाही. मावशीनं असा काही उखाणा टाकला की बायकांनी एकच गिल्ला केला. मुकादम म्हणाला, "अन् हे पोरगं काय करायलंय बायकांत?" एक म्हातारी फटकन म्हणाली, "शिकायलंय. उद्या त्याच्या बायकुला येईना तर त्यानं तरी घ्यावा." तो हसत गेला. मावशी आत जाऊन ओकली.

उखाण्यांचं ढोंग असलं तरी नवऱ्याच्या नावाची अडचण खरीच होती. मुंबईहून निरोप होता की नाव पूर्ण पाहिजे, नवऱ्याच्या नावासकट. अर्धवट नाव असलं की सरकार म्हणतं, असं माणूसच नाही. आणि आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. मग हिच्या नवऱ्याचं नाव तिनं सांगायचं, तिच्या नवऱ्याचं हिनं. मी लिहून घेई. तेव्हा हे सोपं वाटलं. यात काही चूक होतेय हे शिकलेल्या हमीदभाईंनाही सुचलं नाही.

कागद गेले. मग काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं फार वाईट होतं. काट्यावर कुणी मागून खांद्याला हात लावला तरी माझ्या हातून चिठ्ठी वाकडी फाटे. हमीदभाई दिसले की मी रस्ता बदली. मावशी कोनाड्यातून रोज विचारी, "आलं का रे काई?" आलं नाही म्हटलं की तिला बरं वाटे. पुढं आणखी एक हंगाम आला. मला वाटायला लागलं, समुद्रात पडले कागद, सुटलो. आणि एक दिवस मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, हैदराबादहून चौकशीला साहेब येणार आहेत, त्यांना मराठी येत नाही. तू उर्दू शिकलेला, बायकांचं बोलणं तू त्यांना समजावून सांगायचंस.

कारखान्याच्या कचेरीत चौकशी झाली. मधे खुर्चीवर साहेब, त्यांना सगळे नाजिमसाहेब म्हणत. उमदा, थकलेला, चष्म्याचा माणूस. एका बाजूला त्यांचा पेशकार लिहायला, दुसऱ्या बाजूला मॅनेजर आणि अमीन. टेबलावर माझ्या अक्षरातले कागद. तेच. कडेला तुरीचा डाग असलेले. सगळं जग फिरून ते माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन पडले होते, आणि मी टेबलाला टेकून उभा होतो, दुभाषा म्हणून.

पहिली बाई आत आली. नाजिमसाहेबांनी विचारलं, "नाम? शौहर का नाम?" तिनं आपलं सांगितलं, नवऱ्याचं विचारताच मान खाली. मी मराठीत विचारलं, पुन्हा विचारलं. ती रडायला लागली. पेशकारानं लिहिलं, गवाहनं ओळख दिली नाही. दुसरीचं तेच. तिसरीचं तेच. मॅनेजर खुर्चीत मागं रेलला. मी धीर करून म्हणालो, "हुजूर, इथं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत." नाजिमसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मालूम है. माझ्या घरीही घेत नाहीत. पण कारखान्यानं वर कळवलंय की ही नावं खोटी आहेत, अशा बायकाच नाहीत. बाई आपल्या तोंडानं सांगेल तरच मी लिहू शकतो." बायका घाबरल्या होत्या त्या या माणसाला नाही, त्या नावाला. अख्खं लंडन फिरून आलेलं काम आमच्या घरातल्या एका रीतीपाशी येऊन अडलं होतं.

मग मावशी आली. ती आली ती दार बंद करणाऱ्या शिपायाला म्हणाली, "लावू नगंस, दादा." नाजिमसाहेबांनी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, खिडकीतून गठाणींपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. आणि डोळे मिटून, तालीम केल्यासारखं, एका दमात म्हणाली,

"सरकी पडती खाली, रुई उडती वर,
केरबांचं नाव घिते, तेवढं खरं लिवा पर."

मी भाषांतर केलं. पेशकार हसला. नाजिमसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "लिखो." आणि बाहेर दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी ते ऐकलं. तीन गेलेल्या परत आल्या. एकेक जण आत येऊन उखाणा घेऊ लागली. कुणाचा जमला, कुणाचा मधेच तुटला. नावं पडत गेली. कुलूप, धूर, हॉटेलातली किल्ली, भोंगा, सगळं कागदावर उतरलं.

तेव्हा मॅनेजर वाकून अमीनच्या कानाशी लागला आणि अमीननं मावशीला परत बोलावलं. "हे कागद हिनं लिहिले नाहीत. किसने लिखे? पूछो."

मला विचारायला सांगितलं. मीच. माझा हात सदऱ्यावरून गळ्यातल्या लिंगापाशी गेला, तो मला आजही आठवतो. मी म्हणालो, "मावशी... साहेब विचारतात, हे कागद कुणी लिहिले."

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. अमीनकडे बघून म्हणाली, "दिवसाला एकच नाव घेत असते मी. आजचं झालं."

मी तिचं उत्तर उर्दूत सांगितलं. या वेळी नाजिमसाहेबही हसले आणि त्यांनी दौतीचं झाकण लावलं. अमीन मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा शिपाई मावशीच्या दारात उभा. "बाई, कालचा दिवस गेला. अमीनसाहेबांनी आजचं नाव घ्यायला बोलावलंय."

ती गेली. मी काट्यावर उभा होतो, तोलत होतो, चिठ्ठ्या फाडत होतो, आणि काय लिहितोय ते मला दिसत नव्हतं. दर वेळी फाटकात चप्पल वाजली की वाटे, हे आलेच. पळून जावं असं वाटलं, पण कापसाची पुढची गाडी काट्यावर आली होती. केरबामामा समोर गठाण ओढत होता. बायकोनं चारचौघांत नाव घेतलं म्हणून हमाल त्याला सकाळपासून चिडवत होते, "काय केरबा, आता लंडनवाले सरपंच करत्यात तुला." त्यानं त्यांना शिवी दिली नाही. तो दर खेपेला फाटकाकडे बघत होता, माझ्यासारखाच.

ऊन कलल्यावर ती आली. बोळातून भिंतीला हात लावत चालत आली, ओट्यावर बसली. माझी आई पाणी घेऊन धावली. मी समोर बसलो. मग तिनं आपणच सांगितलं. "खोलीत बसीवलं. अन् दार लावलं रे लेकरा. बाहीरून. कडी वाजली... मंग मला काईच आठवंना. अमीन वरडायलता, नाव सांग, नाव सांग. मी म्हनलं, सांगते, दार उघडा. दार काई उघडंना त्यो. मी लय आठीवलं. तुझं नावच येईना तोंडात. आई शपथ. किती हाका मारल्या आसतील तुला, पर त्या टायमाला न्हाईच आठवलं. कुनाचं सांगू?" एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

मी पुढं आयुष्यभर यावर विचार केला आहे. तिनं मला वाचवलं, की भीतीनं तिची वाचा नेली? मी तिला कितीदा विचारलं. दर वेळी तेच, "आठवंना रे." तिला स्वतःला धीट म्हणवून घ्यायचंच नव्हतं. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. त्या दिवसापासून तिनं माझं नाव कधीच घेतलं नाही. लेकरा म्हणे, बाबा म्हणे. बायका थट्टा करीत, "सोजर, नवऱ्याचं नाव घितीस अन् ह्याचं कामून लाजतीस गं?" ती म्हणे, "घ्यायची सवय लागली तर कुटं बी निघंल तोंडातून." राज्य गेलं, अमीन गेला, तरी ती सवय तिनं लावून घेतली नाही.

चौकशीनंतर कारखान्याच्या दाराचं कुलूप निघालं. मावशीला मात्र पुढच्या हंगामात कामावर घेतलं नाही. ती खुरपायला जाऊ लागली. जुन्या सोबतिणी तिला येऊन सांगत, "सोजरबाई, दार उघडंच असतंय आता. लय गार वारं येतंय बाई, तुझ्यापाई आमी खोकायलाव." ती खूश होई. केरबामामानं तिच्याशी काही दिवस अबोला धरला, मग एकदा तंबाखू मळता मळता कुणाला तरी म्हणाला, "आपलं नाव विलायतेच्या दफ्तरात हाय, म्हाईत हाय का?" तेव्हापासून तो हे मरेपर्यंत सांगत राहिला. मी हैदराबादला शिकायला गेलो.

निजामाच्या शेवटच्या वर्षात गावाकडून बातम्या येत त्या अंगावर काटा आणणाऱ्या. सगळी गल्ली दिवस मावळायच्या आत दारं लावून घेई, मावशीचं उघडंच. लोक हातापाया पडले, "लाव गं बाई." ती बाज दारात ओढून पडून राही, डोळे टक्क उघडे ठेवून. मग राज्य बदललं, सुडाचं वारं उलटं फिरलं, आणि भ्यायची पाळी हमीदभाईंवर आली. त्यांची बायकामुलं मावशीच्या आतल्या खोलीत काही दिवस राहिली. उघड्या दाराच्या घरात कुणी लपलं असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. एक घोळका आला आणि दारातूनच विचारलं, "आत कोन हाय गं?" हे मला हमीदभाईंच्या बेगमनं सांगितलं, मावशीनं कधीच नाही. मावशी म्हणाली, "माझी मानसं." "नावं सांग." "म्हातारपन आलंय बाबा, नावं आठवत न्हाईत." तेव्हा तिचं वय काही म्हातारपणाचं नव्हतं.

पदवी घेऊन मी मुंबईत त्याच कामगार संघाच्या कचेरीत लागलो, जिथं आमचे कागद पहिल्यांदा गेले होते. काम तेच. कुठल्या तरी गावाहून आलेलं दुखणं सरकारला कळेल अशा भाषेत लिहायचं, आणि कळेपर्यंत पाठीस लागायचं. काही वर्षांनी आमच्या प्रतिनिधींबरोबर कागदपत्रं सांभाळायला म्हणून मला जिनिव्हाला नेलं. तिथून मी मावशीला एक पत्र पाठवलं होतं. ते ती नातीकडून वाचून घ्यायची. नात म्हणते, सणाच्या सणाला. मातीला गेलो त्या दिवशी नातीनं मला दाराशी नेलं. चौकटीत जिथं पूर्वी कोयंडा होता तिथलं भोक मावशीनं कधी बुजवलं नव्हतं. त्यात सुरळी करून पत्र ठेवलेलं. "मामा, हे तुमी न्या." मी वाचलं, पुन्हा सुरळी केली आणि होतं तिथं ठेवून दिलं. उतरवून आणलं आहे तेवढं खाली देतो.

सौ. सोजरमावशीस,

साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. इथं थंडी फार आहे, तळं मोठं आहे, येलदरीच्या डोहासारखं पण पलीकडचा काठ दिसतो न दिसतो. ज्या सभेबद्दल हमीदभाई सांगत होते ती मी डोळ्यांनी पाहिली. मोठं दालन आहे. तुला आवडेल असं म्हणजे, दारं पुष्कळ आहेत आणि सगळी उघडी असतात.

इथं सरकारची माणसं आणि मालकांची माणसं बसली की आपल्या बाजूची माणसं त्यांना बाहेर वऱ्हांड्यात गाठतात, चहाच्या वेळी गाठतात, जिन्यात गाठतात. मुकादमाच्या मागं तुम्ही लागायचात तसंच, फक्त कपडे चांगले. काल कारखान्यात माणसं आत असताना दार बाहेरून बंद करू नये, यावर वाद चालला होता. एका मालकाचा माणूस म्हणाला, असं कुठं होत नाही. तेव्हा आपल्या बाजूच्या एका परदेशी बाईनं मला विचारलं, तुझ्या माहितीत आहे का? मी सांगितलं. सगळं सांगितलं. मानवत सांगितलं, धूर सांगितला, तुझी वेणी सांगितली. तुझं पूर्ण नाव सांगितलं, सोजराबाई केरबा. मामाला सांग, नाव आता दोन विलायतांत आहे.

त्या बाईनं विचारलं, त्या बायकांना लिहिता येत नव्हतं तर कागद कुणी लिहिले? मावशी, इथं अमीन नाही, मॅनेजर नाही, तरी हात पुन्हा गळ्यातल्या लिंगाशी गेला. इतक्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग मी म्हणालो, मी लिहिले.

म्हणून आता तूही घ्यायला हरकत नाही. तुला त्या दिवशी माझं नाव आठवलं नव्हतं, तेव्हा खाली ठळक लिहितो. वाचून दाखवणाऱ्यानं मोठ्यानं वाचावं, दार उघडं असलं तरी चालेल.

तुझा,
मन्मथ